बंद केलेली सहा मिनिटं

अहो, जिंकले.

हे तुम्हाला त्या रविवारी सव्वाचारला सांगायला हवं होतं. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काय झालं मॅचचं?" आणि मी म्हटलं, "हरले. नेहमीसारखे." हॉस्पिटलच्या खोलीतला टीव्ही मी सहा मिनिटं शिल्लक असतानाच बंद केला होता. निकाल मला ठाऊकच नव्हता. पण तुमच्या त्या निळ्या टीमचा निकाल बघायला लागतो कशाला, असं पस्तीस वर्षं म्हणत आले, तसंच त्या दिवशीही तोंडातून गेलं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी बघ." मी म्हटलं, "पुरे आता. झोपा." तुम्ही झोपलात ते झोपलातच.

आज तुमचा तेरावा झाला. माणसं जेवून गेली, निखिल वरच्या खोलीत आडवा झालाय, आणि मी तुमच्या रेक्लायनरमध्ये बसून लिहिते आहे. या धुडाला मी किती शिव्या घातल्या असतील! तुमच्या दोस्ताला, गॅरीला, मराठी येत नाही आणि आपल्या लेकाला मराठीच्या चार ओळी वाचायला अर्धा तास लागतो, म्हणून तर लिहायचा धीर होतोय. त्या दोघांशीही मी खोटं बोलले आहे. ते सांगते पुढे.

तुम्ही सगळ्यांना सांगायचात की हा अमेरिकन फुटबॉल आवडला म्हणून बघायला लागलो. खोटं. तुम्ही बघायला लागलात ते सोमवारसाठी. अमेरिकेत, या नोव्हाय गावात आलो तेव्हा आपल्यासारखी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तुम्ही गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत. सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी सगळे इंजिनिअर जमायचे आणि आदल्या दिवशीच्या मॅचवरून भांडायचे, आणि तुम्ही कप हातात धरून बाजूला उभे. त्या हिवाळ्यात एकदा घरी येऊन म्हणालात, "शुभा, ते वाईट नाही वागत गं माझ्याशी. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काही नसतं, एवढंच." कोट काढायचंही विसरला होतात. मला त्या दिवशी बॅग भरून नाशिकला परत जावंसं वाटलं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

मग तुम्ही बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास सुरू केलात. वर्तमानपत्रातली कात्रणं, डायरीत आकृत्या, आणि एका संध्याकाळी माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या टेबलावर मांडून मला शिकवणी. "चार संधी, दहा यार्ड. चार वेळात दहा यार्ड पुढे सरकलं की परत चार संधी. नाही सरकलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा. झालं! एवढाच खेळ आहे." मोहरी सगळ्या फरशीवर. मी म्हटलं, एवढाच असेल तर आधी ती गोळा करा.

दोन महिन्यांनी तुम्ही त्या घोळक्यात एक वाक्य बोललात. चौथ्या संधीला पळायला नको होतं, किक मारायला हवी होती. एक लाल दाढीवाला गर्रकन वळला आणि ओरडला, "हेच! हेच मी सकाळपासून या गाढवांना सांगतोय!" तो गॅरी. त्यानं तिथल्या तिथे वसंतचा 'वॅस' करून टाकला. त्या दिवशी तुम्ही शिट्टी वाजवत घरात शिरलात, जेवताना तीन वेळा तेच सांगितलंत, आणि मी तीनही वेळा "बरं, वरण घ्या" म्हटलं.

गळाला मासा लागला तो असा. पुढे त्यांनी तुम्हाला पकडून कसं ठेवलं, यावर आपण जन्मभर भांडलो. माझं म्हणणं साधं होतं. अहो, हा धंदा आहे. आठवड्यातून एकच मॅच ठेवायची, म्हणजे उरलेले सहा दिवस माणसानं तेच चघळायचं. तीन तासांच्या मॅचमध्ये खरा खेळ किती? धड पाव तास. बाकी सगळा वेळ उभे राहणार, कुजबुजणार, जाहिराती दाखवणार. आणि वर तो नियम! जी टीम सगळ्यांत वाईट हरेल तिला पुढच्या वर्षी कॉलेजातला नवा पोरगा सगळ्यांत आधी निवडायचा मान. म्हणजे ढ मुलाला पहिल्या बाकावर बसवून म्हणायचं, यंदा नापास झालास ना, शाब्बास, आता बघ तुझी कशी भरभराट होते. एप्रिल आला की तुम्ही त्या पोराचं नाव घेऊन नाचत घरभर. मी म्हणायचे, हरणाऱ्यालासुद्धा गाजर दाखवतात हे लोक, गिऱ्हाईक बांधून कसं ठेवावं ते शिकावं यांच्याकडून. आणि तुम्ही हसून म्हणायचात, "गाजराची पुंगी गं ती. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली."

पस्तीस वर्षं मोडूनच खाल्ली की हो तुम्ही.

दर सप्टेंबरला ये रे माझ्या मागल्या. पहिले दोन रविवार उत्साह, मग कोणाचा गुडघा गेला, कोणाचा खांदा, मग पंच वाईट, मग वारा वाईट. मी म्हटलं, तुमच्या स्टेडियमला छप्पर आहे, वारा कुठून आला? नाचता येईना अंगण वाकडं! तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी पुरणपोळ्या करायचे आणि तुम्ही ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर, पोळी तुपात बुडवायची सोडून वाटीबाहेर. एकदा चिडून विचारलं, "इतकं हरतात, तर दुसरी टीम धरा की. जिंकणारी." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. म्हणालात, "शुभा, माणूस बदलतो का असं?" मला तेव्हा राग आला होता. आता तेच वाक्य आठवतं आणि भांडी घासता घासता रडू येतं. बाई नाही बदलली, शहर नाही बदललं, टीम नाही बदलली. तुमच्यासारख्या माणसांवरच चालतो तो धंदा.

एकदाच मी तुमच्याबरोबर स्टेडियममध्ये आले. गॅरीच्या बायकोला बरं नव्हतं म्हणून एक तिकीट उरलं होतं. पार्किंगमध्ये सकाळी नऊपासून लोक शेगड्या मांडून बसलेले, आणि प्रत्येक दुसरा माणूस "वॅस!" म्हणून हाक मारतोय. कोणी तुम्हाला सॉसेज देतोय, तुम्ही त्याला माझी भाजणीची चकली देताय. नळ दुरुस्त करणारा, शाळेची बस चालवणारा, कोणी वकील. आपल्या मराठी मंडळात तुम्ही कोपऱ्यात बसणारे. आत आपल्या एका पोरानं चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, टचडाऊन झाला आणि गॅरीनं तुम्हाला मिठी मारली, तुम्ही त्याला मारलीत, मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं दोघांना मारली. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. निखिलला कॉलेजला सोडताना तुम्ही त्याचा नुसता खांदा थोपटला होता. मला मत्सर वाटला. खेळाडूंचा नाही, त्या लाल दाढीचा. त्यानंतर तुम्ही किती वेळा चल म्हणालात. मी म्हणायचे, मला आवाज सहन होत नाही.

आणि निखिलचं ते प्रकरण. चौदा वर्षांचा होता, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नाव घालायला निघाला. मला वाटलं, तुम्ही पेढे वाटाल. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "डोकी आपटतात. पन्नाशीत माणसं नावं विसरतात. माझा मुलगा नाही खेळणार." मी म्हटलं, "मग रविवारी दुसऱ्यांच्या मुलांची डोकी आपटलेली कशी चालतात तुम्हाला?"  पुढच्या रविवारी टीव्ही बंद ठेवलात, लॉन कापलंत, गॅरेज झाडलंत. त्याच्या पुढच्या रविवारी परत लावलात, आवाज एकदम बारीक करून. मीही विषय काढला नाही. उत्तर द्यायचं राहिलंच तुमचं. माझ्याजवळही नव्हतं म्हणा, मी नुसती टोचायला विचारलं होतं.

गुरुवारी तुम्हाला ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, दोन दिवस की दहा दिवस, काही सांगता येत नाही. निखिलला कॅलिफोर्नियाहून रविवारची फ्लाइट मिळाली. आणि इकडे तुमच्या टीमनं कधी नव्हे ती बाद फेरी गाठलेली. शनिवारी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तुम्ही काय बोललात? मृत्युपत्र नाही, निखिल नाही. "उद्या सकाळी बाप्पाला पाण्यात ठेव."

तुमच्या आईनं तुमच्या मॅट्रिकच्या निकालाला देव पाण्यात ठेवले होते, तेव्हापासूनचं तुमचं हे वेड. महत्त्वाची मॅच असली की देव्हाऱ्यातला पितळी गणपती स्टीलच्या वाडग्यात. हरले की त्याला काढायचं, तुमच्या निळ्या टॉवेलनं पुसायचं, जागेवर ठेवायचं आणि हात जोडून त्याला निकाल सांगायचा. वर माझ्याकडे वळून, "त्याचा दोष नाही गं, डिफेन्सचा आहे." मी म्हणायचे, देवाला दुसरी कामं नाहीत काय?

रविवारी सकाळी घरी येऊन मी आंघोळ केली आणि ठेवला त्याला पाण्यात. पण तुमच्या मॅचसाठी नाही. तुमचं नाव घेऊन ठेवला. म्हटलं, यांना घरी आण, मग बाहेर काढीन. त्यानं काय ऐकलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पस्तीस वर्षं त्याला एकच मागणं ऐकायची सवय. त्यानं ते दिलं.

मॅच एकला सुरू झाली. नर्सनंसुद्धा केसांना निळी रिबीन बांधली होती. पहिला अर्धा भाग तुम्ही उशीला टेकून बघितलात, बोटांनी पांघरुणावर यार्ड मोजत होतात. मग समोरची टीम पुढे गेली. तुमचा श्वास जोरात व्हायला लागला, मशीन पिंपिं करायला लागलं, तुमचे डोळे मिटले. चौदा-चोवीस. सहा मिनिटं राहिली होती. मी रिमोट उचलला आणि बंद केला. आता वाटतं, काळजीनं बंद केला की वैतागानं? खरं सांगू? दोन्ही होतं. मनात म्हटलं, मेली ती मॅच, शेवटच्या दिवसातसुद्धा माझ्या नवऱ्याला सोडत नाही.

तुमचा फोन माझ्या पर्समध्ये, आवाज बंद करून. गॅरीचे सात मेसेज आले होते त्यावर. सव्वाचारला तुम्ही विचारलंत तेव्हा नुसता हात घालून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी पाण्याचा ग्लास सारखा करत होते. "हरले. नेहमीसारखे." तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मान हलवलीत, जणू दूधवाला आज येणार नाही असं सांगितलं. पुढच्या वर्षी बघ. सव्वापाचला नर्स आली, तिनं तुमचं मनगट धरलं आणि मग माझा खांदा.

सहा वाजता खाली निघाले, निखिल विमानतळावरून थेट येणार होता म्हणून. लिफ्टमध्ये एक पोरसवदा माणूस होता, निळी जर्सी, गालावर रंग, हातात फुगा, बहुतेक बाळ बघायला आला असावा. दार मिटलं आणि त्यानं माझ्यापुढे पंजा केला. "आपण जिंकलो! विश्वास बसतो का, जिंकलो!"

मी टाळी दिली. काय करणार, त्याचा हात पुढे आला होता. तुम्हाला जाऊन पाऊण तास झाला होता आणि मी लिफ्टमध्ये एका परक्या माणसाला टाळी दिली. बाहेर पार्किंगमध्ये गाड्या हॉर्न वाजवत होत्या, लोक खिडक्यांतून टॉवेल फिरवत होते. सगळं गाव नाचत होतं हो, आणि तुम्हाला हरल्याचं सांगून मी पाठवून दिलं होतं.

नवव्या दिवशी पोस्टानं तुमच्या टीमचं पाकीट आलं, तुमच्या नावानं. 'प्रिय चाहते, येत्या सीझनसाठी तुमची जागा राखून ठेवायची का?' कपाळ माझं! मेल्यावरही सोडत नाहीत. मी ते फाडायला घेतलं, आणि नाही फाडलं. देव्हाऱ्याजवळच्या खणात आहे.

आज गॅरी आला होता. बूट काढून, पाय लांब करून खाली बसला, श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि मग दाढी पुसत रडला. ती दाढी आता सगळी पांढरी झालीय. म्हणाला, त्या मॅचला त्यानं स्टेडियममधल्या तुमच्या खुर्चीवर स्वतःचं जॅकेट ठेवलं होतं, कोणाला बसू दिलं नाही. मग त्यानं विचारलं, "शुभा, वॅसनं शेवट बघितला ना? एवढंच सांग मला." निखिल शेजारीच होता. मी म्हटलं, "हो. पूर्ण बघितला." गॅरीनं डोळे मिटले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. निखिल म्हणाला, "ॲट लीस्ट ही गॉट दॅट, आई." मी आत जाऊन पाण्याचे पेले विसळत बसले.

सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून बाप्पा इतके दिवस वाडग्यातच होता. आज सगळे गेल्यावर त्याला काढला. तळाशी हिरवट साचलं होतं. तुमच्या टॉवेलनं पुसला, जागेवर ठेवला, आणि तुम्ही सांगायचात तसा निकाल सांगायला तोंड उघडलं. पण त्याला काय सांगायचं? त्याला माहीतच आहे. सांगायचं राहिलंय ते तुम्हाला.

तुम्ही प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग लावून ठेवायचात, तसं याही मॅचचं होतं. निखिल तुमच्या अस्थी आणायला गेला तेव्हा मी ती सहा मिनिटं लावली. मग रोज लावली. जन्मभर तुम्ही ओट्यापाशी येऊन मला मॅच सांगायचात आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे. आता मी सांगते, तुम्ही ऐका.

सहा मिनिटं दोन सेकंद. ज्या पोराच्या हातातून चेंडू सटकतो म्हणून तुम्ही त्याला 'लोणीहात्या' म्हणायचात, त्यानंच तो छातीशी घट्ट धरला आणि टचडाऊन केला. एकवीस-चोवीस. मग चेंडू त्यांच्याकडे. तुमच्या त्या डिफेन्सनं, हो, त्याच डिफेन्सनं, त्यांना तीन संधींत सातच यार्ड जाऊ दिलं. चौथ्याला त्यांनी किक मारून चेंडू परत दिला. दीड मिनिट उरलं आणि ऐंशी यार्ड जायचं. थोडं थोडं करत मैदानाच्या मध्यावर आले आणि तिथे अडकले. चौथी संधी, नऊ यार्ड. इथे तुम्ही उठून टीव्हीकडे पाठ करता, मला माहीत आहे. मी नाही केली. अगदी कडेच्या रेषेवर झेलला हो त्यानं, बाहेर पडता पडता, पायाची बोटं आत टेकवून. पंचांनी परत परत बघितलं. मीही बघितलं, टीव्हीच्या काचेला नाक लावून. बोटं आत होती. आणि अकरा सेकंद राहिले असताना लोणीहात्यानं परत झेलला. अठ्ठावीस-चोवीस.

बाद फेरी होती ती. हरलं की वर्ष संपलं, जिंकलं की पुढच्या रविवारी परत मॅच. हे मला वाट्या मांडून शिकवलं होतंत तुम्ही, आणि त्या दिवशी मला सुचलं नाही. मी 'जिंकले' म्हटलं असतं तर तुम्ही 'पुढच्या वर्षी' म्हणाला नसतात. 'पुढच्या रविवारी' म्हणाला असतात. डॉक्टर दहा दिवसही म्हणाले होते. पुढचा रविवार सातच दिवसांवर होता, आणि बाद फेरीची मॅच तुम्ही चुकवली नसती.